भिंतीला खिळा नको

समोरच्या इमारतीतल्या सुमनताईंनी भाड्याने दिलेल्या घराच्या बाल्कनीत आज पुन्हा बाळाची दुपटी वाळत होती. ती पाहून माझ्या पोटात दुखलं. माझं भाड्याने द्यायचं घर पाच महिने रिकामं आहे. इथे नव्या इमारती इतक्या झाल्या आहेत की फाटकाफाटकावर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी दिसते. सुमनताईंना मात्र ती कधी लावावीच लागली नाही.

न राहवून मी विचारलंच, “तुम्हाला एवढे भाडेकरू मिळतात कुठून?”

“मिळतात कुठले? आहेत तेच जात नाहीत,” त्या म्हणाल्या. “बारशाला पाळणासुद्धा त्यांनी माझ्याकडून बांधून घेतला.”

मी जळफळतच माझ्या रिकाम्या घरात गेले. भिंती कोऱ्या करकरीत होत्या. आधीचं जोडपं तिथे तीन वर्षं राहिलं. खिळा ठोकायचा नाही, असं मी बजावलं होतं, म्हणून लग्नाचा फोटो त्यांनी कायम खुर्चीवर टेकवून ठेवला होता. मी तो दर खेपेला पाहिला होता.

मी त्या जोडप्यातल्या मुलीला फोन लावला. “नव्या घरात फोटो लावलास का गं?”

“हो काकू,” ती आनंदाने म्हणाली, “पहिल्याच दिवशी! खिळा घरमालकांनीच ठोकून दिला.”

आता मला त्या घरमालकांचाही हेवा वाटला.