अर्धा पंख

सिडनीतल्या पॅरामॅटाच्या ऑफिसात मीनाक्षी पेरोलवाली, म्हणजे सगळ्यांचे पगार काढणारी. पण शनिवार उजाडला की ती घराजवळच्या, क्वेकर्स हिलमधल्याच मार्व्हाताईच्या गॅरेजमध्ये. मार्व्हा त्रिनिदादची, सत्तरीची. कार्निव्हलसाठी तार वाकवून माणसाच्या दुप्पट उंचीचे पोशाख उभे करणारी. भोवती कॅरिबियन बेटांवरचे पाच-सहा कलावंत. एकदा परेडच्या तोंडावर कुणाची तरी बाही फाटली, मीनाक्षीने ती उभ्या उभ्या शिवून दिली, आणि तेव्हापासून ती या मंडळींत जी शिरली ती शिरलीच.

गॅरेजचा कायदा एकच. सुरू केलेलं काम स्वतः संपवायचं नाही. तार एकाची, कापड दुसऱ्याचं, टाके तिसऱ्याचे. खाली नाव कुणाचंच नाही.

२०२१च्या लॉकडाऊनमध्ये गॅरेज बंद पडलं. तिकडे समुद्राकाठी लोक हवा खात फिरत होते आणि आमच्या पश्चिम उपनगरांत डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर! पण काम थांबलं नाही. एका प्रचंड आयबिस पक्ष्याचा पोशाख चालू होता. हा पक्षी इथे कचऱ्याच्या डब्यात चोच घालणारा पांढरा, त्रिनिदादला लालभडक. म्हणून एक पंख पांढरा, एक लाल. त्याचे तुकडे चालत घरोघरी फिरायचे. दारातल्या खुर्चीवर ठेवा, बेल वाजवा, लेटरबॉक्सपर्यंत मागे सरा.

तेवढ्यात एका गॅलरीचा निरोप आला. ऑनलाइन प्रदर्शन करू, पण कलावंत सुटे सुटे हवेत. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा फोटो. या लोकांना घोळका चालत नाही, चेहरा लागतो!

झूमवर कर्टिस तडकला. चाळिशीचा चित्रकार, हात गुणी, तोंड फटकळ. "आपण एकत्र का करतो, सांगा ना कुणीतरी! सवय म्हणून? मी एकटा असतो तर कधीच संपलं असतं. माझंही नाव लागू दे की कुठेतरी."

मार्व्हाताई म्हणाली, "शनिवारी ठरवू."

मीनाक्षीने मनात हिशेब मांडला. सुटे झाले तर बाकीचे कलावंत. आणि ती? पेरोलवाली.

लाल पंखाची तार तिच्याकडेच आली होती. तिने फक्त कापड ताणायचं होतं. तिने जुन्या इरकलीचे काठ कापले, पिसं केली, टाके घातले, कडासुद्धा दुमडल्या. चार दिवस मान वर नाही.

"ऑफिसात एवढी मान मोडली असतीस तर मॅनेजर झाली असतीस," नरेंद्र म्हणाला.

"तू आधी चहा टाक. नवरा म्हणून तेवढं कर."

शुक्रवारी तिने पंख मार्व्हाताईच्या खुर्चीवर ठेवला. म्हातारीने मास्क वर ओढला, पंख उलटासुलटा पाहिला. "सुंदर आहे. घेऊन जा."

"का पण, ताई?"

"मी यात हात कुठे घालू? कर्टिसने काय करायचं? जागाच ठेवली नाहीस, मीना."

मीनाक्षी तणतणत घरी आली. म्हणे जागा! पंख टेबलावर आपटला आणि त्याच्याकडे बघत बसली. टाका न् टाका तिचा. नजर लागावी इतका नीट, आणि तिथे दुसरं कुणीच नाही. शनिवारचं गॅरेज आठवलं, एकमेकांच्या हातातून कात्र्या ओढणं, कर्टिसच्या शिव्या. तिने कात्री घेतली आणि अर्धा पंख उसवला. इरकलीची पिसं पिशवीत भरली.

शनिवारी सकाळी पंख आणि पिशवी कर्टिसच्या दारात.

संध्याकाळी झूमवर कर्टिसच्या मांडीवर तो लाल पंख. "एवढं चांगलं काम कुठल्या वेडीने उसवलं?"

"मी. पुढचं तुझं आहे."

"मला शिवता येत नाही, बाई."

"ठाऊक आहे."

हशा पिकला. मार्व्हाताईने हसू दाबत विचारलं, "मग गॅलरीला काय कळवू?"

कर्टिस सुईत दोरा ओवत होता. तिसऱ्या खेपेला ओवला गेला. "कळवा, फोटो हवाच असेल तर पक्ष्याचा घ्या."

आठवड्याने पंख मार्व्हाताईकडे न्यायला म्हणून परत मीनाक्षीच्या हाती आला. कर्टिसचे टाके म्हणजे दारू पिऊन चाललेल्या मुंग्या. तिची बोटं शिवशिवली. सुईचा डबा उघडला, पुन्हा मिटला, आणि चप्पल घालून ती पंख काखेत मारून निघाली.