थडग्यातले गहू

परतूरच्या घरी गव्हाच्या कोठीचं झाकण उघडलं की कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा कडवट, कोरडा वास येतो. इजिप्तमध्ये एका मंदिरामागच्या थडग्यातही असाच वास होता.

उत्खननातला माझा पहिलाच हंगाम. मडक्यात मूठभर काळे पडलेले गहू निघाले. मेलेल्या माणसाच्या वाटेची शिदोरी. मी ते तळहातावर घेतले आणि घरच्या सवयीने भुसा उडवायला फुंकर मारली. हजारो वर्षं टिकलेले दाणे भुगा होऊन उडाले.

तेव्हा वाटलं, नमुना गेला. आता वाटतं, त्या माणसाला मी उपाशीच वाटेला लावलं.

"दाणे हातात धरून काय बसून राह्यलीस? फुंक की," परतूरला कोठीतले गहू निवडताना आई म्हणते.

मला फुंकवत नाही.