बाईची आखूड रायफल

बाई गेली त्याला आता महिना होत आला. शेवटची भेट गोंदियाच्या दवाखान्यात झाली. कावीळ अंगात पार मुरली होती, डोळे हळदीसारखे झाले होते, पण माझ्याशी भांडायचं काही तिनं सोडलं नव्हतं. खिडकीतून भाताच्या मिलचं धुराडं दिसायचं. त्याच्याकडे बघत म्हणाली, "मध्या, मले इथं कायले आणून टाकलं रे? तिकडं धान पोटरीवर आलं असन." मी म्हणालो, आधी बरी हो, मग जा. "मोठा सांगणारा आला," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मग फार दिवस लागले नाहीत...

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. तिचं नाव गिरजा. अंगानं ठेंगणी, वाळकी, कडेवर भरली घागर घेतली की घागरच चालत येतेय असं वाटायचं. दिली होती गोरेगावच्या पुढे, जंगलाला अगदी लागून असलेल्या गावात. भाऊजींच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, गावातल्या शेवटच्या. त्यांच्या धुऱ्यावर, बांधावर, पाय ठेवला की दुसरा पाय बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भाऊजी विषमज्वरानं गेले. मूलबाळ नव्हतं. आमचे बाबूजी रेल्वेत पार्सलबाबू होते आणि त्यांचा शब्द म्हणजे लाल झेंडी, दिसली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. ते म्हणाले, जंगलाच्या तोंडाशी एकट्या बाईमाणसानं राहायचं नाही, जा आणि तिला घेऊन ये. मी बैलगाडी ठरवून गेलो. बाईनं मला पोटभर जेवू घातलं आणि मग सांगितलं, "मी येत नाई."

मी पुष्कळ समजावलं. जमीन अर्ध्यानं दे, म्हटलं. ती म्हणाली, "अर्ध्यानं घेईन तो आपल्या घरी झोपन, अन् धान चितळं खातील. राखन कराले बंदूक पायजे. ते आणून दे, मंग पाहू." तिला भावाच्या घरी कोपऱ्यात बसून वाती वळत जन्म काढायचा नव्हता. हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण ते न कळण्याइतका मी मठ्ठ नव्हतो. रिकामी गाडी घेऊन परत आलो आणि बाबूजींच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी त्यांनी तोड काढली. म्हणाले, एक पावसाळा बघू. पोळ्याला मी स्वतः येईन, आणि हिच्यानं हे निभत नाही असं दिसलं तर हात धरून घेऊन येईन. बाबूजींना खात्री होती की बंदुकीचा पहिला दणका बसला की लेक आपणहून गाडीत बसेल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

भाऊजींची दुनळी बंदूक ते गेल्यावर ठाण्यात जमा झाली होती. ती सोडवून आणू, मी म्हटलं. बाई नको म्हणाली. एक तर ती तिच्या अंगाला जड. दुसरं म्हणजे दाट रानात छर्रे पसरतात, जनावर जखमी होऊन आत पळतं आणि कुठेतरी तडफडून मरतं, ते तिनं भाऊजींच्या वेळी पाहिलं होतं. परवाना देणाऱ्या साहेबानं तिला लुगड्याच्या काठापासून कपाळापर्यंत पाहिलं, हसला, पण सही केली. मग आम्ही दोघं गाडीनं नागपूरला गेलो. मी त्या काळी स्वतःला शिकारी समजत असे. म्हणजे रेल्वेतल्या साहेबलोकांच्या मागे थर्मास धरून जंगलात जायचो. एकदा एक रानडुक्करही मारलं होतं आणि सांगता सांगता ते दरवर्षी थोडं मोठं होत होतं. तेव्हा रायफल मी निवडणार हे मी गृहीतच धरलं होतं. लांब नळी, भारी दस्ता, वर दुर्बीण, अशी एक मी काढायला लावली. जड बंदूक हातात स्थिर राहते, धक्का कमी देते, हे शास्त्र मी बाईला ऐकवलं. दुकानदारानंही आणि त्याच्या मुनीमजींनीही मान हलवली.

बाईनं ती उचलली, दुर्बिणीला डोळा लावला आणि दुकान न्याहाळलं. "याच्यातून तं मुनीमजीच्या मिशाच दिसून राहिल्या," ती म्हणाली. "मानूस कोठी गेला?" मग तिनं आम्हाला उठवलं. मला एका बाजूला उभं केलं, दुकानदाराला दुसऱ्या, मुनीमजींना समोर, तिघांनाही अगदी खेटून. "आता तुमी बांबू," म्हणाली. ती लांब रायफल घेऊन आमच्यामधून वळायला गेली आणि नळीनं मुनीमजींची टोपी पाडली. पुन्हा वळली तर दस्ता माझ्या बरगडीत. आमच्या गावचं रान ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिथे बांबू, ऐन आणि वेली अशा गुंतलेल्या असतात की बकरीसुद्धा वाकडी होऊन चालते. चितळ दिसतं ते हाकेच्याही आत, आणि पूर्ण दिसतच नाही. एखादा कान, एखादी मांडी, तेवढंच. बाईनं मागच्या फळीवरची एक आखूड रायफल मागितली. हलकी, नळी तोकडी, दुर्बीण नाही, नेम धरायला नळीच्या टोकाला नुसती माशी. ती घेऊन ती आम्हा तीन बांबूंमधून मासोळीसारखी निघून गेली.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं सावध केलं, "बाईजी, हलकी चीज़ लात ज़ोर से मारती है." बाई म्हणाली, "गाय बी लात मारते जी. मंग दूध पेनं सोडून देतो का आपन?" त्यानं दुसरी अडचण सांगितली. ही बोल्टची रायफल. एक गोळी सुटली की मागचा खटका हातानं उचलायचा, ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडलं की पुन्हा पुढे ढकलायचा, तेव्हा कुठे दुसरी गोळी नळीत येणार. तेवढ्यात दाट रानातलं जनावर कधीच गेलेलं असतं. दुनळीत निदान दुसरी नळी तयार असते. यावर बाई जे बोलली ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. "दुसरी हाय म्हनून ठाऊक असलं, का पयली आंधरी जाते." गोळी मात्र तिनं दुकानदाराच्या सल्ल्यानं घेतली. वेगाची हलकी गोळी काडीला लागली तरी वाकडी जाते, जरा जाड आणि संथ बरी, असं तो म्हणाला. पण खरी गोष्ट अशी की झाडीतली फट सापडल्याशिवाय कोणतीच गोळी बरी नसते.

त्या पावसाळ्यात मी अधूनमधून जात होतो. लात तिनं भरपूर खाल्ली. खांदा काळानिळा झाला. हळदीचा लेप लावायची, वरून गोधडीचा तुकडा चोळीच्या आत शिवून घेतला होता, आणि पुन्हा उभी. बोरीच्या झाडाला वाळका भोपळा टांगून त्यावर नेम धरायची. काडतुसं उधळायची नव्हती म्हणून बहुतेक वेळा रिकाम्या रायफलीचाच खटका ओढत बसायची, भात शिजत असताना चुलीशीसुद्धा. शेजारचा शिवराम कुंपणावरून ओरडायचा, "पाटलीणबाई, भाताले गोळी घालून राहिल्या का जी?" सगळ्या गावाला गंमत वाटत होती. चितळं मात्र रोज येत होती. रोवणी झालेल्या बांध्यांतून खुरांचे ठसे आणि कुरतडलेले शेंडे. बाईनं रानात शिरून त्यांच्या वाटा धुंडाळल्या, पण पोळा आला तरी तिनं एकही गोळी जनावरावर झाडली नव्हती. दर वेळी विचारलं की एकच, "बराबर दिसलं नाई." मला तिची काळजी वाटायला लागली होती.

पोळ्याला बाबूजी आले, काळी टोपी, छत्री आणि सोबत बाईचं सामान न्यायला रिकामी पेटी. आमच्या भागात रानात चरणाऱ्या गुरांच्या गळ्यात लाकडी घंटा असते. दाट झाडीत गुरं दिसत नाहीत, घंटा ऐकू येते, त्यावरून गुराखी माग काढतो आणि शिकाऱ्यालाही कळतं की इथे बंदूक रोखायची नाही. बाईच्या गावची रीत अशी की पोळ्याला जुन्या घंटा दोरासकट उतरवायच्या आणि नव्या दुसऱ्या दिवशी पूजा करून बांधायच्या. त्या दिवशी जनावर कामाला जात नाही, चरायलाही जात नाही, गोठ्यात सजून उभं असतं. म्हणून गावात सगळे म्हणायचे, पोळ्याच्या दिवशी रानात खूर वाजला तो चितळाचाच. शिकाऱ्यांचा तो ठरलेला दिवस. दुपार कलल्यावर बाई रायफल घेऊन निघाली. बाबूजी म्हणाले, "मीही येतो. बघू दे काय करते ती." छत्री घरी ठेवायला लावून आम्ही त्यांना मधे घेतलं.

धुऱ्याच्या आत थोडं गेलो असू. बांबूच्या दोन रांजींमध्ये काहीतरी हललं. तांबूस पाठ, एक मागचा पाय. पानांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडत होतं आणि त्या पाठीवर मला पांढरे ठिपके स्वच्छ दिसले, अगदी आजही दिसतात. बाईची रायफल खांद्याला होती. फट मोकळी, अंतर एवढं कमी की दगडही लागला असता. आणि आमचे बाबूजी, जे लेकीला बंदुकीपासून सोडवायला आले होते, ते सगळं विसरले. तिच्या दंडाला धरून कुजबुजायला लागले, "मार! मार पोरी, निघून जाईल! मार ना!" बाई हलली नाही. नुसतं ओठातल्या ओठात म्हणाली, "मुंडी दिसू द्या." मुंडी दिसेना. जनावर पाय आपटत होतं, आता जाईल की मग जाईल. बाबूजींनी हात सोडला आणि मोठ्यानं म्हणाले, "घाबरली. तुझ्यानं होत नाही गिरजा. चल, पेटी भर."

त्या आवाजानं जनावरानं मान बाहेर काढली. कपाळावर कुंकवाचा मळवट, गळ्यात झेंडूची माळ, आणि माळेतली अर्धी फुलं त्यानंच खाल्लेली. शिवरामचा गोऱ्हा होता तो. ढोलांना बिचकून दावं तोडून पळाला होता. गळ्यात घंटा नाही.

बाबूजी मटकन खालीच बसले. आमच्या लोकांत गोहत्या म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्या गावात बाईला कोणी पाणी दिलं नसतं. तिला गाव सोडावं लागलं असतं, आणि बाबूजी जे मागायला आले होते ते त्यांना मिळालं असतं, पण कसं... बाईनं खटका ओढून नळीतली गोळी काढली, चोळीत ठेवली, गोऱ्ह्याच्या गळ्यातली माळ धरली आणि त्याला ओढत गावाकडे निघाली. जाताना म्हणाली, "बाबूजी, उठा. चिखल लागला तुमच्या धोतराले." धुऱ्याशी पोचल्यावर तिनं क्षणभर गोऱ्ह्याच्या मानेवर कपाळ टेकलं. ते मी एकट्यानंच पाहिलं असं मला वाटत होतं, पण बाबूजींनीही पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत बसले ते पेटी तिच्याच ओसरीवर ठेवून. लेकीकडे न बघता बैलांकडे बघत म्हणाले, "बंदुकीला तेल लावत जा. पावसाळ्याचे दिवस आहेत." एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही.

पहिलं चितळ तिनं त्याच मोसमात मारलं, धान दुधात आलं तेव्हा. त्याच वाटेवर, एका गोळीत, जागच्या जागी. गावानं पळसाच्या पानांवर घरटी वाटे घातले आणि बाईचा मान म्हणून पुढची मांडी तिच्या ओसरीवर नेऊन ठेवली. तिनं ती शिवरामच्या घरी पाठवली, स्वतः त्या दिवशी कांद्याशी भात खाल्ला. पुढे कधीतरी मी विचारलं तर चिडून म्हणाली, "मारलं ते मारलं, वरून गोड लागलं पायजे का मले?" नंतरच्या वर्षांत तिनं अशी किती मारली असतील... फार नाहीत. गरजच पडली नाही. ती धुऱ्यावर उभी राहिली की कळप आतच थांबायचा. मी मात्र माझ्या रानडुकराची गोष्ट सांगणं तेव्हापासून बंद केलं.

ती गेली त्या सकाळी गोंदियातल्या माझ्या घरी तिला तिथल्याच स्मशानात न्यायची तयारी सुरू झाली होती. भावाचं घर, भावानंच करायचं. तेवढ्यात दारात दोन बैलगाड्या थांबल्या. शिवराम उतरला, मागे गावातली माणसं, आणि पाच-सहा बाया. तिला बघायला निघाले होते, वाटेत त्यांना बातमी लागली, तरी ते परतले नव्हते. शिवराम पायरीवर उभा राहिला आणि मला म्हणाला, "आमच्या बाईले आमी नेऊन राहिलो जी." विचारत नव्हता, सांगत होता. माझे चुलते रागावले, काहीतरी बोलायला निघाले. मी त्यांना थांबवलं. गाडीत नवा पेंढा अंथरला होता, त्यावर तिचीच गोधडी. मी मागच्या गाडीत बायकांच्या शेजारी बसून पाहुण्यासारखा गेलो, आणि मला त्यात जराही कमीपणा वाटला नाही.

सध्या रेल्वेतून रजा घेऊन मी तिच्याच घरी राहतोय. रायफल रीतीप्रमाणे ठाण्यात जमा केली. मागच्या आठवड्यात धान निसवलं. हिरव्यागार बांध्या, वर कोवळ्या लोंब्या, बघत राहावं असं. काल दिवस मावळायच्या आधी कळप बाहेर आला. मी धुऱ्यावर जाऊन टाळ्या वाजवल्या, धोतराचा सोगा हलवला, घसा फुटेस्तोवर ओरडलो. पुढच्या मादीनं मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा लोंब्यांत तोंड घातलं. मागची पिल्लंही आली. मग माझ्या तोंडून गोंदियाची भाषा गेली, रेल्वेची गेली, लहानपणीची तेवढी उरली. एकटाच उभा राहून म्हणत होतो, बाई, ये ना वं... तुयं धान खाऊन राहिले.