नानांचा आल्ट

माझ्या सासऱ्यांनी जर्मनीत एकदा जाहीर गायन केलं आहे, तेही बायकांच्या रांगेत उभं राहून, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

नाना नाशिकहून आमच्याकडे डार्मश्टाटला महिनाभर आले होते. त्यांनी राजवाडे मागितले नाहीत, बर्फ मागितला नाही. "एकदा समोर बसून व्हायोलिन ऐकायचंय," एवढंच म्हणाले. तरुणपणी ते थोडं शिकले होते, मग नोकरीत सुटलं ते सुटलंच.

त्यांच्या शेवटच्या रविवारी दुपारी गावात दोन कार्यक्रम होते. एकात चार वादक, त्यातले दोन व्हायोलिनवाले.

"हेच घे," बायको म्हणाली.

"अनघा, चारच माणसं? नाना एवढ्या लांबून आलेत," मी म्हणालो. दुसऱ्या पोस्टरवर शंभरेक माणसं तोंडं उघडून उभी होती. वर लिहिलं होतं मिट-झिंग-कॉन्सर्ट. मिट म्हणजे सह, झिंग म्हणजे गाणं. गाण्यासह कॉन्सर्ट, म्हणजे वादनाबरोबर गाणं जादाचं! (मी जर्मनची परीक्षा पास आहे.)

"पापा, दास हाइस्ट डोख..." आमची अकरा वर्षांची रेवा जर्मनमध्ये सुरू झाली, म्हणजे 'पापा, त्याचा अर्थ तर...'

"आजोबांसमोर मराठीत बोलायचं," मी दटावलं. तिला मराठी शब्द सापडेना. तो सापडायच्या आत मी तिकिटं काढली.

हॉलवर पोचल्यावर अनघा आणि रेवा सगळ्यांचे कोट ठेवायला गेल्या. दारातल्या बाईंनी विचारलं, "सोप्रान, आल्ट, टेनोर की बास?"

मला वाटलं, बसायचे विभाग असावेत. त्यातला आल्ट तर सोपा होता. जर्मनमध्ये आल्ट म्हणजे म्हातारा. ज्येष्ठांसाठी वेगळी सोय बघून मला भरून आलं. मी नानांकडे बोट दाखवून म्हणालो, "आल्ट. झेर आल्ट." फार म्हातारे.

बाईंनी नानांच्या झुपकेदार मिशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पण माणसाच्या निवडीत ढवळाढवळ करायची नाही हा इथला रिवाज. त्यांनी नानांना पिवळी फीत बांधली आणि आत नेलं. मी बास घेतला, कारण तो शब्द तरी ऐकलेला होता.

आत गेल्यावर कळलं की या कार्यक्रमाला प्रेक्षकच नसतात. आलेल्यांनीच गायचं असतं. पोस्टरवरची माणसं म्हणजे मागच्या खेपेचे तिकीटवाले. वादनात एक पियानो. दारात विचारलेले ते चार विभाग म्हणजे गाणाऱ्यांचे आवाज, आणि त्यातला आल्ट हा बायकांचा खालचा आवाज.

नाना समोरच्या बाजूला पन्नास बायकांच्या मधोमध बसले होते. सगळ्या उठल्या तसे तेही राष्ट्रगीताला उठावं तसे उठले. शेजारच्या आजींनी त्यांच्या हातात स्वरलिपी दिली आणि कुठून सुरू करायचं ते बोटाने दाखवलं. नाना पडले भिडस्त. ते गुणगुणायला लागले. संचालकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"आल्टमध्ये आज फार खोल आवाज आहे," ते प्रेमाने म्हणाले. पन्नास माना वळल्या. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वरलिपीत तोंड लपवलं. (ती उलटी धरली होती, हे शेजाऱ्याने सांगितलं.)

बाहेर पडल्यावर नाना म्हणाले, "त्या आजी फार चांगल्या होत्या. पाणी दिलं मला." थोडं चालल्यावर त्यांनी अनघाला हळूच विचारलं, "ते व्हायोलिनचं आजच होतं का गं?"

"संपलं असेल आता, नाना."

"असू दे," ते म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी त्यांचं विमान होतं. तेवढ्यात कुठेच व्हायोलिन मिळालं नाही. विमानतळावर त्यांनी उलट माझीच पाठ थोपटली.

हिवाळ्यात तेच चार वादक पुन्हा गावात आले. मी पुढच्या रांगेत बसलो, खिशातल्या खिशात नानांना फोन लावला आणि फोन वादकांकडे धरला. पहिल्या व्हायोलिनने सूर धरला. मला वाटलं, फिटलं. तेवढ्यात व्यवस्थापक बाई ओरडतच आल्या आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या.

"नाना, ऐकू आलं का?" मी रस्त्यावरून विचारलं.

"आलं तर. सुरुवात फार गोड होती हो, सुहासराव," नाना म्हणाले. "पण मध्येच एक बाई एकदम वरच्या पट्टीत आल्या. त्या काय गात होत्या?"

"मला झापत होत्या," मी म्हणालो.