न सांडलेला पेला

दादासाहेब बोलताना समोरच्याकडे कधी पाहत नसत. कोणी फोटो काढतंय का, ते पाहत. मुलांनो, पांढऱ्या घोडीवर दुधाचा पेला धरून बसलेल्या ज्या गृहस्थांबद्दल तुम्ही विचारलंत, ते हेच. रोह्यात आमच्या शेजारी राहत.

"जनावर म्हणजे माझं लेकरू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सत्कारात म्हणत, बारशातही म्हणत.

काही घोड्यांना रेवाल चाल उपजत असते. पावलं अशी एकामागून एक पडतात की पाठ हलत नाही, स्वाराला हिसका बसत नाही. त्या पांढऱ्या घोडीला, बिजलीला, ती आईकडून आली होती. दादासाहेबांची बायको, माझी मैत्रीण शालन, शिंगरू असल्यापासून तिला आईबरोबर कुंडलिकेच्या काठाने मोकळी फिरवत असे. दादासाहेबांनी फक्त नाव ठेवलं.

पेणला घोड्यांचं प्रदर्शन ठरलं आणि त्यांना ही चाल पुरेना. पाय उंच उचललेले लोकांना दिसायला हवेत म्हणून त्यांनी लेकराच्या पुढच्या पायांत शिशाची कडी बांधली.

"अहो, तिला चालता येतंय," शालन म्हणाली. "तुम्हाला बघता येत नाय."

कड्यांनी कातडी सोलली. दादासाहेबांनी वरून लाल मखमली पट्टे चढवले.

पेणच्या मैदानात रिवाज असा, की स्वाराने काठोकाठ दुधाचा पेला धरून फेरी मारायची आणि तेच दूध परीक्षकांना प्यायला द्यायचं. सरावात बिजली अशी हिसके देत होती की रोज दादासाहेबांचा कोट दुधाने भिजे. प्रदर्शनात मात्र थेंब सांडला नाही. टाळ्या पडल्या, तुमच्याकडचा फोटो निघाला. मी पुढेच बसले होते. घोडीचे कान मागे चिकटले होते आणि ती अडखळत होती.

परीक्षकांनी पेला तोंडाला लावला. काही आलं नाही. जवळजवळ उपडा केला, तरी नाही.

"दादासाहेब," ते म्हणाले, "चमचा आणलाय का?"

मैदान हसलं. दादासाहेबांनी शालनकडे बोट केलं. "हिला साधं दूध सांभाळता येत नाही. नासवलं."

"नासलं नाय," शालन म्हणाली. "काल तुम्ही सांगितलंत म्हणून विरजण घातलं. चांगलं घट्ट लागलंय."

मग ती घोडीपुढे खाली बसली आणि परीक्षकांसमोर मखमल सोडली. आतलं लाल मांस साऱ्या मैदानाला दिसलं. तिने शिशाची कडी काढून नवऱ्याच्या हातांत दिली. "ही आता तुम्ही सांभाळा."

त्या दिवसापासून पागेची किल्ली तिच्या कमरेला. जखमा भरल्या, चाल परतली. पुढे बिजलीचं शिंगरू आईच्या बाजूने अगदी तसंच चालू लागलं. कोलाड-वडखळची माणसं बघायला येत. शिंगरू मागणाऱ्याला शालनचा पहिला प्रश्न असे, "पायात काय बांधणार?" आणि कुंपणाला टेकलेले दादासाहेब सांगत, "चाल मीच बसवली."

गेल्या वर्षी ते गेले. शोकसभेत वक्त्यांनी त्यांना मुक्या प्राण्यांचा कैवारी ठरवलं. मागे पेणच्या त्या फेरीचाच फोटो, मोठा करून, हार घालून लावलेला.

शालन माझ्या कानाशी वाकली. "बघ गो, अजून सांडला नाय."