वेंगुर्ल्याच्या बंदरावर ओटी

आमच्या पिरनवाडीहून वेंगुर्ला काही लांब नाही. आंबोली उतरलं, सावंतवाडी मागं टाकली की आलंच. तरी आप्पांनी आईला समुद्र दाखवायला चाळीस वर्षं "पुढच्या सुट्टीत" लावली, आणि मागच्या वर्षी स्वतःच निघून गेले. म्हणून यंदा मी नेलं. खरं सांगायचं तर नेण्यामागं माझा अपराधही होता. महिन्याआधी निपाणीला भाचीचं डोहाळजेवण होतं. आई ओटी भरायला उठली, तर चुलतीनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "तू ऱ्हाऊ दे गं आक्का." मी शाळेत पोरांना समतेवर भाषणं देते. त्या वेळी मात्र मान खाली घालून मोबाईल बघत बसले.

वेंगुर्ल्यात मी आईला डचांची पडकी वखार दाखवली, दीपगृह दाखवलं. ती "बरं हाय" म्हणाली आणि बंदराकडं चालू लागली. धक्क्यावर तिनं पिशवी उघडली. आत नारळ, खण, सुपारी, हळदीची पुडी आणि घरचे तांदूळ.

"हे कशाला गं?"

"समुद्राची ओटी भरायची. नदीची भरतोय की आपण." मग हळूच म्हणाली, "माणसांची भरू देत न्हाईत. पाण्याला काय कळतंय?"



शेजारी एक म्हातारी सुकट वाळत घालत होती. ती हसून म्हणाली, "दर्याची ओटी भरनत नाय गो बाये. त्येका नुसतो नारळ."

आई ओशाळली. घाटावरच्या माणसाला दर्याचे रिवाज कुठले ठाऊक? तिनं नारळ हळद लावून पाण्यात सोडला, हात जोडले आणि बाकीचं गुंडाळायला लागली.

"ओटीचा सामान परत घराक नेव नको," म्हातारी म्हणाली. "तुझ्या लेकीक भरूंदे तुझी."

"मला चालत न्हाय," आई म्हणाली.

"माझो नवरो जावन लय वर्सा झाली. सून दर वर्साक भरता माझी." एवढं बोलून ती परत सुकटीकडं वळली. तिच्या लेखी विषय संपला होता.

आजवर माहेरी गेले की आईच माझी ओटी भरायची. उलटं कधी झालं नव्हतं. मी ओंजळीत तांदूळ घेतले, वर सुपारी आणि खण ठेवला. बोलायचं पुष्कळ होतं, पण "आई, चुकलं माझं" एवढंच तोंडातून निघालं. आपल्याकडचं कुणी बघत नाही ना, म्हणून तिनं आधी धक्क्यावर मागंपुढं नजर टाकली. मग पदर पसरला.