दुखणं शून्य

सकाळी दुबईच्या देऱ्यातल्या क्लिनिकमध्ये पेशंट, दुपारी विद्यापीठात फिजिओथेरपीची पीएच.डी. आणि मधल्या वेळात शारजाच्या रस्त्यावर अडकलेली गाडी, अशी माझी तीन वर्षं गेली. आई फोनवर म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मला राग यायचा, कारण ते खरं वाटायचं. पेशंटसमोर आकडे आठवायचे आणि आकड्यांसमोर पेशंट. कुठेच बूड टेकत नव्हतं.

माझा विषय होता बांधकाम मजुरांची कंबरदुखी. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, कंपनीची व्हॅन वीसेक माणसं आणून सोडायची. मी व्यायाम शिकवायचे आणि विचारायचे, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? आधी सात, आठ अशी उत्तरं यायची. मग मंदी आली, क्रेन थांबल्या, आणि दोन महिन्यांत माझे आकडे धडाधड खाली आले. तीन, एक, शून्य. गाईड खूश. मी तर हवेतच होते.

त्यातला एक रत्नागिरीकडचा गवंडी मला ताई म्हणायचा. तो पालथा झोपला की त्याच्या कमरेचे स्नायू बोटांना लाकडासारखे लागायचे. पाय उचलताना तो ओठ आवळायचा आणि म्हणायचा, "शून्य लिहा, ताई." मी लिहायचे. प्रबंधात माझ्या बोटांना विचारतो कोण, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. खरं म्हणजे मला ते शून्य हवं होतं.

एका शुक्रवारी राहवलं नाही. "खोटं का सांगता?" मी चिडूनच विचारलं.

त्याने दाराकडे पाहिलं. "फोरमन बाहेर बसलाय, ताई. ज्याची कंबर गेली त्याचा व्हिसा पहिला कॅन्सल. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, शून्य सांगायचं."

"हा कागद कंपनीकडे जात नाही. तसं लिहून तुमची सहीपण घेतलीय."

"घेतलीत की. इंग्लिशमध्ये होतं ते."

त्याच आठवड्यात मी गाईडना सगळं सांगितलं. त्यांनी माझे तक्ते पुन्हा चाळले. मग म्हणाले, "तपासताना हाताला जे लागलं, ते कुठे नोट केलं होतंस?" केलं नव्हतं. सगळा डेटा बाद झाला, दोन वर्षं पाण्यात गेली. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी रडले, आणि तेही स्वतःसाठीच.

महिन्याभरात मजुरांचा राहायचा कॅम्प बंद झाला. शून्यवाले, आठवाले, सगळेच कॅन्सल. तो गवंडी एकटाच बस बदलत क्लिनिकला आला. दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट होतं.

"आता लिहा. आठ. कधीच कमी नव्हतं."

लिहायला आता काहीच उरलं नव्हतं. मी तासभर त्याच्या कमरेवर काम केलं, घरी करायचे व्यायाम मराठीत लिहून दिले. शर्ट घालताना त्याने विचारलं, "तेव्हाच खरं बोललो असतो तर कंबर बरी झाली असती का?"

"बरीचशी. पण चूक तुमची नाही. तुमची कंबर दुखतेय हे मला पहिल्यापासून हाताला कळत होतं."

तो बटणं लावायचा थांबला. रागावला नव्हता, खरोखरच विचारत होता.

"मग तुम्ही का नाही बोललात, ताई? तुम्हाला कोण कॅन्सल करणार होतं?"